एका वृत्तवाहिनीची पाच नावे

पोर्तुगालच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीची चोवीस तास बातम्या देणारी वाहिनी १५ ऑक्टोबर २००१ रोजी पडद्यावर आली. तेव्हा तिचे नाव एनटीव्ही होते. २००४ मध्ये ती आरटीपीएन झाली, २०११ मध्ये आरटीपी इन्फॉर्मासांव, २०१५ मध्ये आरटीपी तीन आणि २०२५ मध्ये आरटीपी नोतिसियास. पाव शतकाच्या आत एकाच वाहिनीची पाच बारशी व्हावीत, हे कोणत्याही देशात थोडे विलक्षणच मानले जाईल. बाजारात एखादा साबण किंवा शीतपेय नाव बदलून येते, तेव्हा त्यामागे विक्रीचे गणित असते. येथे प्रकरण तेवढे सरळ नाही. प्रत्येक नामांतरामागे त्या त्या वेळचे राजकारण, सार्वजनिक पैशाची चणचण आणि बातमी कोणत्या शहरातून सांगितली जावी याविषयीचा जुना वाद आहे. त्यामुळे या नावांचा इतिहास हा पोर्तुगालमधील सार्वजनिक प्रसारणाचाही इतिहास ठरतो.

आरटीपी ही संस्था १९५५ साली स्थापन झाली आणि ७ मार्च १९५७ पासून तिचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले. देशात तेव्हा सालाझारची हुकूमशाही होती आणि वृत्तपत्रांप्रमाणे दूरचित्रवाणीवरही सेन्सॉरची कात्री चाले. सालाझारनंतर सत्तेवर आलेले मार्सेलो कायतानो १९६९ पासून ‘कुटुंबातील गप्पा’ अशा घरगुती नावाच्या कार्यक्रमातून पडद्यावर येऊन जनतेला आपली धोरणे समजावून सांगत. २५ एप्रिल १९७४ रोजी लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनी ही राजवट उलथवली, तेव्हा त्यांनी प्रथम ताब्यात घेतलेल्या ठिकाणांत आरटीपीचा लिस्बनमधील स्टुडिओ होता. राज्य बदलले हे लोकांना पटवायचे तर पडदा आपल्या हाती हवा, हे त्या अधिकाऱ्यांना नेमके कळले होते. पुढील वर्षी आरटीपीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९९२ पर्यंत देशातील दूरचित्रवाणीवर तिची मक्तेदारी राहिली.

ती मक्तेदारी मोडली ६ ऑक्टोबर १९९२ रोजी. त्या दिवशी सिक ही पहिली खासगी वाहिनी सुरू झाली. २० फेब्रुवारी १९९३ रोजी कॅथलिक चर्चशी संबंधित मंडळींच्या पुढाकाराने टीव्हीआय आली. गंमत अशी की, याच सुमारास, १९९१ मध्ये, सरकारने दूरचित्रसंचाचा परवाना कर रद्द करून टाकला होता. म्हणजे आरटीपीला एका बाजूने स्पर्धक मिळाले आणि दुसऱ्या बाजूने तिचे हक्काचे उत्पन्न गेले. तीन वर्षांत सिकने प्रेक्षकसंख्येत आरटीपीच्या मुख्य वाहिनीला मागे टाकले. सार्वजनिक संस्था कर्जात रुतत गेली. तिच्या पुढच्या सगळ्या खटपटींची, नामांतरांचीसुद्धा, मुळे या काळात आहेत.

१९९४ मध्ये केबल दूरचित्रवाणी सुरू झाली, पण पोर्तुगीज भाषेतील चोवीस तासांची वृत्तवाहिनी यायला आणखी काही वर्षे जावी लागली. १९९९ मध्ये ‘कनाल द नोतिसियास द लिश्बोआ’, म्हणजे लिस्बनची वृत्तवाहिनी, निघाली. राजधानीपुरता विचार करणारी ही वाहिनी फार काळ टिकली नाही. ८ जानेवारी २००१ रोजी तिच्या जागी सिक नोतिसियास आली आणि तिने हे क्षेत्रच बदलून टाकले. दोनच महिन्यांनी, ४ मार्चच्या रात्री, उत्तर पोर्तुगालमध्ये दोउरो नदीवरचा एन्त्रे-ओस-रियोसचा जुना पूल कोसळला. एक प्रवासी बस आणि काही मोटारी नदीत गेल्या. ५९ जणांचा मृत्यू झाला. संबंधित मंत्री जोर्जे कोएल्यो यांनी राजीनामा दिला. नदीला पूर होता, मृतदेहांचा शोध लांबत गेला आणि देश तासन् तास पडद्यासमोर बसून राहिला. सहा महिन्यांनी न्यूयॉर्कमधील जुळे मनोरे पडले. चोवीस तास बातम्यांची गरज काय, असे विचारणाऱ्यांना त्या वर्षाने परस्पर उत्तर दिले.

एनटीव्ही अशा वातावरणात जन्मली, आणि मुख्य म्हणजे ती लिस्बनमध्ये नव्हे तर पोर्तोमध्ये जन्मली. पोर्तुगालबाहेरच्या वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही. परंतु या दोन शहरांमधील चढाओढ फार जुनी आहे. ‘ब्रागा प्रार्थना करते, कोइंब्रा शिकते, लिस्बन मिरवते आणि पोर्तो राबते’ अशा अर्थाची एक म्हण त्या देशात प्रचलित आहे; ती बहुधा पोर्तोकरांनीच रचली असावी. कारखाने, वाइनचा व्यापार, कापडगिरण्या उत्तरेत. मंत्रालये, बँकांची मुख्यालये आणि दूरचित्रवाणीचे स्टुडिओ लिस्बनमध्ये. देशाचे प्रशासकीय प्रदेशांत विभाजन करावे की नाही यावर ८ नोव्हेंबर १९९८ रोजी सार्वमत झाले आणि मतदारांनी तो प्रस्ताव फेटाळला. तरीही ‘सर्व काही राजधानीत’ ही उत्तरेची तक्रार काही थांबली नाही. त्यानंतर तीनच वर्षांनी पोर्तोतून राष्ट्रीय वृत्तवाहिनी सुरू होणे याला म्हणूनच बातमीपलीकडचा अर्थ होता.

एनटीव्हीचा पहिला अवतार जेमतेम अडीच वर्षांचा. २००२ मध्ये दुराव बारोझो यांचे सरकार आले आणि सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या फेररचनेचे काम मंत्री नुनो मोराइस सार्मेंतो यांच्याकडे गेले. आरटीपीच्या प्रमुखपदी आल्मेरिंदो मार्केस यांची नेमणूक झाली. नभोवाणी आणि दूरचित्रवाणी या दोन स्वतंत्र संस्था एका छत्राखाली आणण्यात आल्या. ‘आरटीपी’ या आद्याक्षरांचा अर्थ तेव्हापासून बदलला: पूर्वी तो ‘पोर्तुगीज रेडिओटेलिव्हिजन’ असा होता, आता ‘पोर्तुगालची नभोवाणी आणि दूरचित्रवाणी’ असा झाला. अक्षरे तीच ठेवून अर्थ बदलण्याची ही युक्ती मोठी सोयीची होती. लिस्बनमधील मुख्यालय नव्या वास्तूत हलले. दुसऱ्या वाहिनीला नवे रूप मिळाले, जुन्या कार्यक्रमांसाठी आरटीपी मेमोरिया ही वाहिनी सुरू झाली आणि या साऱ्या धामधुमीत ३१ मे २००४ रोजी एनटीव्हीची आरटीपीएन झाली.

या नावातला शेवटचा ‘एन’ विचार करण्याजोगा आहे. पोर्तुगीज भाषेत बातम्यांना ‘नोतिसियास’ म्हणतात आणि उत्तर दिशेला ‘नोर्ते’. दोन्ही शब्दांचे आद्याक्षर तेच. लिस्बनच्या प्रेक्षकाने त्यात बातमी वाचावी आणि पोर्तोच्या प्रेक्षकाने आपली उत्तर, अशी त्या एका अक्षरात सोय होती. दोउरोच्या दक्षिण तीरावर, पोर्तोच्या समोर, विला नोव्हा द गाया या शहरातील मोंते दा विर्जेम टेकडीवर आरटीपीचे उत्तर विभागाचे केंद्र आहे. तेथून बातमीपत्रे जात, लिस्बनहूनही जात. फुटबॉलवर चर्चा करणाऱ्या ‘त्रिओ द आताक’सारख्या कार्यक्रमांना निष्ठावंत प्रेक्षक लाभले. ज्या देशात बेन्फिका, स्पोर्टिंग आणि पोर्तो हे तीन क्लब म्हणजे जवळजवळ तीन पंथ आहेत, तेथे तिघांचे समर्थक एका मेजाभोवती बसवणे ही वृत्तवाहिनीसाठी निवडणुकीइतकीच खात्रीची सामग्री ठरते.

पैशाचा प्रश्नही याच काळात निराळ्या पद्धतीने सोडवला गेला. २००३ पासून प्रत्येक ग्राहकाच्या विजेच्या बिलात दृक्‌श्राव्य सेवेसाठी एक छोटी रक्कम जोडली जाऊ लागली. पूर्वी अशी आकारणी नभोवाणीसाठी होती. आता तिचा लाभ दूरचित्रवाणीलाही मिळू लागला. २०१६ पासून ही रक्कम दरमहा २.८५ युरो, अधिक कर, अशी आहे. लोक तिच्याविषयी कुरकुरतात, पण संस्थेच्या दृष्टीने या आकारणीचा मोठा गुण असा की, दर वर्षी अर्थमंत्र्यांच्या दारात झोळी घेऊन उभे राहण्याची वेळ थोडी कमी झाली.

दरम्यान खासगी क्षेत्र स्वस्थ बसले नव्हते. टीव्हीआयने २६ फेब्रुवारी २००९ रोजी टीव्हीआय २४ ही वृत्तवाहिनी काढली. पोर्तोतही २००६ मध्ये पोर्तो कनाल नावाची प्रादेशिक वाहिनी सुरू झाली होती आणि पुढे ती फुटबॉल क्लब पोर्तोच्या हाती गेली. लोकसंख्या सुमारे एक कोटी, आणि तिच्यासाठी तीन राष्ट्रीय वृत्तवाहिन्या. या गर्दीत आपले वेगळेपण काय, हा प्रश्न आरटीपीएनपुढे उभा राहणे अपरिहार्य होते.

त्याचे उत्तर शोधण्याआधीच संकट आले. एप्रिल २०११ मध्ये पोर्तुगालला आंतरराष्ट्रीय मदतीसाठी हात पसरावे लागले. ७८ अब्ज युरोंच्या कर्जाबरोबर काटकसरीच्या कडक अटी आल्या. जूनमध्ये पेद्रो पासोस कोएल्यो यांचे सरकार स्थापन झाले आणि आरटीपीच्या एका वाहिनीचे खासगीकरण हा त्याच्या कार्यक्रमाचा भाग होता. १९ सप्टेंबर २०११ रोजी आरटीपीएनचे नाव आरटीपी इन्फॉर्मासांव झाले. गोव्यात ‘सांव जुआंव’ म्हणताना शेवटी जो अनुनासिक येतो, तोच या ‘इन्फॉर्मासांव’च्या शेवटी येतो, अर्थ ‘माहिती’. नाव स्वच्छ, निःसंदिग्ध होते. मात्र त्यातून ‘एन’ गेला, आणि त्या अक्षराबरोबर उत्तरेची ती सोयीची सावलीही गेली.

पुढची दोन वर्षे संस्थेच्या अस्तित्वाचीच कसोटी होती. २०१२ च्या उन्हाळ्यात सरकारचे सल्लागार आंतोनियो बोर्जेस यांनी आरटीपी खासगी चालकाकडे देण्याची आणि दुसरी वाहिनी बंद करण्याची शक्यता जाहीरपणे बोलून दाखवली. देशभर गदारोळ उठला. जानेवारी २०१३ मध्ये सरकारने खासगीकरण बाजूला ठेवले, पण फेररचना आणि कपात कायम राहिली. त्याच महिन्यात पोर्तोतून वर्षानुवर्षे होणारा ‘प्रासा दा आलेग्रिया’ हा सकाळचा लोकप्रिय कार्यक्रम लिस्बनला हलवण्यात आला, आणि उत्तरेत संतापाची लाट आली. काही वर्षांनी तो पुन्हा पोर्तोकडे परतला ही गोष्ट वेगळी. जून २०१३ मध्ये ग्रीसच्या सरकारने आपली सार्वजनिक दूरचित्रवाणी एका रात्रीत बंद केली. लिस्बनमधील वृत्तकक्षात ती बातमी वाचताना निवेदकांच्या मनात काय आले असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

याच कालखंडातील एक प्रकरण वृत्तविभागाच्या स्वायत्ततेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी काटकसरीविरुद्ध सार्वत्रिक संप झाला आणि संसदेसमोर पोलिसांनी निदर्शकांवर लाठीमार केला. आरटीपीच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली असंपादित दृश्ये पोलिसांना पाहू देण्यात आली, असे उघड झाले. पत्रकाराचा कॅमेरा हा पोलिसांचा साक्षीदार झाला, तर उद्या निदर्शक त्याला जवळ उभा तरी करतील काय, असा हा मूलभूत प्रश्न होता. वृत्तसंचालक नुनो सांतोस यांनी आठवड्याभरात राजीनामा दिला. हेच सांतोस पुढे खासगी क्षेत्रात गेले आणि नऊ वर्षांनी एका प्रतिस्पर्धी वृत्तवाहिनीच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता; तो उल्लेख पुढे येईलच.

आरटीपी इन्फॉर्मासांव चार वर्षे चालली. ५ ऑक्टोबर २०१५ रोजी तिची आरटीपी तीन झाली. हा दिवस १९१० च्या प्रजासत्ताक क्रांतीचा. एरवी तो राष्ट्रीय सुटीचा दिवस. पण काटकसरीच्या काळात ज्या चार सुट्या रद्द झाल्या होत्या त्यांत ही एक होती, आणि ती २०१६ मध्ये परत मिळाली. त्यापेक्षा महत्त्वाचे असे की, आदल्याच दिवशी, ४ ऑक्टोबरला, देशात संसदेची निवडणूक झाली होती. वाहिनीच्या नव्या नावाला पहिल्याच दिवशी एवढी मोठी बातमी मिळावी, हा योग क्वचितच जुळून येतो.

गोमंतकीय वाचकाला या निवडणुकीत रस वाटावा असे कारण आहे. पासोस कोएल्यो यांच्या आघाडीला सर्वाधिक जागा मिळाल्या, पण बहुमत मिळाले नाही. ३० ऑक्टोबरला शपथ घेतलेले त्यांचे सरकार १० नोव्हेंबरला संसदेत कोसळले आणि डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर २६ नोव्हेंबरला समाजवादी पक्षाचे अँटोनियो कोस्टा पंतप्रधान झाले. कोस्टा यांचे वडील, लेखक ओर्लांदो द कोस्टा, गोव्याच्या कुटुंबातले. मडगावात त्यांचे वडिलोपार्जित घर आहे आणि नातलगांमध्ये अँटोनियो ‘बाबूश’ म्हणूनच ओळखले जातात. जानेवारी २०१७ मध्ये ते भारतात आले, तेव्हा त्यांना परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड देण्यात आले आणि त्यांनी मडगावच्या घरालाही भेट दिली. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला आणि डिसेंबर २०२४ पासून ते युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत. पंतप्रधान होण्यापूर्वी हेच कोस्टा सिक नोतिसियासवरील ‘क्वाद्रातुरा दो सिर्कुलो’ या चर्चेच्या कार्यक्रमात अनेक वर्षे नियमित बसत. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेले मार्सेलो रेबेलो द सोझा हे तर टीव्हीआयवरील रविवारच्या राजकीय भाष्यामुळे घराघरांत पोहोचलेले. वृत्तवाहिनीच्या मेजावरून सत्तेच्या खुर्चीकडे जाणारी वाट पोर्तुगालमध्ये अशी आखूड आहे. भाष्यकार कोणता, त्याला कोणत्या वाहिनीने आणि किती वेळ दिला, हे तेथे म्हणूनच डोळ्यांत तेल घालून पाहिले जाते.

आरटीपी तीन हे नाव मात्र थोडे कोरडे होते. एक, दोन, तीन अशी मुले मोजावीत तशी वाहिन्या मोजण्याचा हा प्रकार. केवळ आकड्यावरून ही वृत्तवाहिनी आहे हे कुणाला कळणार नव्हते. तरी त्यामागे एक विचार होता: बातम्यांची वाहिनी ही केबलवरील जोडउत्पादन नसून सार्वजनिक सेवेतील पहिल्या आणि दुसऱ्या वाहिनीच्या पंगतीत बसणारी तिसरी वाहिनी आहे, असे सांगण्याचा. गोंसालो रेइस तेव्हा संस्थेचे अध्यक्ष होते आणि पाउलो देंतिन्यो वृत्तसंचालक. सिक नोतिसियासवरून आलेल्या आना लोरेन्सो यांचा ‘३६०’ हा कार्यक्रम वाहिनीची ओळख बनला. ‘दिवा शेवटच्याने मालवावा’ अशा अर्थाच्या नावाचा गप्पांचा कार्यक्रमही रुळला.

या नावामागचा विचार प्रत्यक्षात आला तो १ डिसेंबर २०१६ रोजी. त्या दिवसापासून आरटीपी तीन आणि आरटीपी मेमोरिया या दोन्ही वाहिन्या जमिनीवरील डिजिटल प्रक्षेपणावर विनामूल्य दिसू लागल्या. पोर्तुगालमध्ये जुने अॅनालॉग प्रक्षेपण एप्रिल २०१२ मध्ये बंद झाले होते. पण नव्या डिजिटल व्यवस्थेत केबलचे पैसे न भरणाऱ्या घराला मोजक्याच वाहिन्या मिळत. या घरांत कोण राहते, तर बहुधा वयस्क माणसे, डोंगराळ आतल्या भागातील खेडी, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर गुजराण करणारे लोक. त्यांना प्रथमच चोवीस तासांची वृत्तवाहिनी मासिक शुल्काविना मिळाली. खासगी स्पर्धकांची कुरबुर होऊ नये म्हणून या प्रक्षेपणावर व्यापारी जाहिराती दाखवायच्या नाहीत, अशी अट होती. चार नामांतरांचा गाजावाजा झाला, पण वाहिनीच्या साऱ्या प्रवासात सामान्य प्रेक्षकाच्या पदरात काही ठोस पडले असेल तर ते या एका दिवशी.

स्पर्धेचे चित्र नंतर पुन्हा पालटले. गुन्हेगारी आणि सनसनाटीवर भर देणारी सीएमटीव्ही मार्च २०१३ मध्ये सुरू झाली होती. ती बघता बघता केबलवरील सर्वाधिक पाहिली जाणारी वाहिनी बनली. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी टीव्हीआय २४ बंद होऊन तिच्या जागी अमेरिकी सीएनएनच्या परवान्याने सीएनएन पोर्तुगाल आली. तिच्या प्रमुखपदी होते तेच नुनो सांतोस. १७ जून २०२४ रोजी सीएमटीव्हीच्याच मालकांनी ‘नाऊ’ ही आणखी एक वृत्तवाहिनी आणली. टीव्हीआय २४ चे नामांतर आणि आरटीपीची नामांतरे यांत फरक आहे. तेथे जगात ओळखीचे नाव भाड्याने आणले गेले. आरटीपीला मात्र दर वेळी आपल्याच घरातल्या शब्दांतून नाव शोधावे लागले.

आणि २०२५ मध्ये ते तिने पुन्हा शोधले. आकडा गेला, ‘नोतिसियास’ हा शब्द आला. आरटीपीच्या संकेतस्थळावरील वृत्तविभाग आधीपासून याच नावाने चालत होता. आता पडदा आणि संकेतस्थळ यांचे नाव एक झाले. हे वर्ष वृत्तविभागासाठी शांततेचे नव्हते. जूनमध्ये वृत्तसंचालक आंतोनियो जोझे तेशेइरा यांना पदावरून दूर करण्यात आले आणि त्यावरून पत्रकारांमध्ये व राजकीय वर्तुळात तीव्र चर्चा झाली. तेशेइरा यांनी पूर्वी सिक नोतिसियासचेही नेतृत्व केले होते. त्यांच्या जागी वितोर गोंसाल्विस आले. वाहिनीची पाटी बदलणे आणि तिच्या आतील खुर्च्या बदलणे या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्याने पाटीकडे संशयाने पाहणारेही निघाले.

पोर्तुगीज पत्रकारितेच्या इतिहासात याच्या अगदी उलट उदाहरण आहे ते पणजीचे. ‘ओ हेराल्दो’ हे दैनिक २२ जानेवारी १९०० रोजी पोर्तुगीज भाषेत निघाले. १९८३ मध्ये ते इंग्रजी झाले, पण मथळ्यावरचे पोर्तुगीज नाव तेवढे तसेच राहिले. भाषा बदलून नाव टिकवणारे वृत्तपत्र एकीकडे, आणि भाषा तीच ठेवून पाच नावे घेणारी वाहिनी दुसरीकडे.

नव्या नावात एक जुनी खूणही आहे. ‘आरटीपी नोतिसियास’ची आद्याक्षरे लिहिली की ती होतात आरटीपीएन, म्हणजे २००४ मधलेच नाव. मोंते दा विर्जेमच्या टेकडीवरील एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याला त्या शेवटच्या ‘एन’मध्ये आजही ‘नोर्ते’ दिसत असेल.